‘द हिंदू’मधला ‘हिंदू’ कोण?

प्रश्न असा आला आहे : ‘द हिंदू’ या इंग्रजी दैनिकाला सगळे ‘डावे’ म्हणतात, मग त्याचे नाव ‘हिंदू’ कसे? नावाचा आणि धोरणाचा मेळ बसत नाही.

मेळ बसतो, पण त्यासाठी शब्दाचा १८७८ सालचा, म्हणजे पत्र निघाले तेव्हाचा, अर्थ धरायला हवा. ‘हिंदू’ मुळात नदीवरून आलेला शब्द. सिंधूच्या ‘स’चा इराणी भाषांत ‘ह’ झाला आणि तिकडचे लोक या मुलखाला त्या नावाने ओळखू लागले. एकोणिसाव्या शतकात धर्माचा अर्थ रुळला होताच, पण ‘इथला, एतद्देशीय’ ही छटाही सोबत होती. कलकत्त्याचे ‘हिंदू पेट्रियट’ हे पत्र घ्या. निळीच्या मळेवाल्यांविरुद्ध ते रयतेच्या बाजूने उभे राहिले, आणि त्या रयतेत मुसलमान शेतकरी पुष्कळ होते. आपल्याकडे हेच काम ‘हिंदी’ शब्द करत असे. ‘हिंदी लोक’ म्हणजे हिंदुस्थानचे लोक. ‘हिंदी महासागर’ आपण आजही म्हणतो, त्याचा हिंदी भाषेशी काय संबंध?

मद्रासमध्ये टी. मुथुस्वामी अय्यर उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, तेव्हा इंग्रजांच्या पत्रांनी त्यांच्यावर झोड उठवली. उत्तर द्यायला स्वतःचे पत्र नव्हते, म्हणून सहा तरुणांनी २० सप्टेंबर १८७८ रोजी हे साप्ताहिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती अवघ्या ८०. सहा जणांत एक केशवराव पंत होते, हे नाव मराठी कानाला लगेच ओळखीचे वाटते. अशा प्रसंगातून निघालेल्या पत्राच्या नावात मला ‘गोऱ्यांचे नव्हे, आमचे’ हाच अर्थ मुख्य दिसतो. संपादक जी. सुब्रमण्य अय्यर कडवे समाजसुधारक होते. १८८५ साली मुंबईत काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनात पहिला ठराव त्यांनीच मांडला. १८८९ मध्ये पत्र दैनिक झाले, १९०५ मध्ये कस्तुरी रंगा अय्यंगार यांनी ते विकत घेतले.

आता ‘डावे’. हा राजकीय अर्थ १७८९ च्या फ्रेंच सभागृहातल्या बसण्याच्या जागांवरून आला. आपल्या ‘डावे-उजवे करणे’शी त्याचे नाते नाही. या पत्राला तो शब्द सरसकट लावणे मला पटत नाही. सुरुवातीला ते नेमस्त होते, पुढे काँग्रेसच्या राष्ट्रीय चळवळीच्या बाजूचे. डावा कल प्रामुख्याने पुढचे संपादक एन. राम यांच्या काळाशी जोडला जातो. पण बोफोर्स तोफा खरेदी प्रकरणाची कागदपत्रे छापून त्याने काँग्रेस सरकारलाच अडचणीत आणले होते. म्हणून ‘डावीकडे कल असलेले’ म्हणावे. कल तराजूचा असतो, वजन बदलले की तोही बदलतो.

लिहिताना एक जपावे. पत्र एकवचनी, म्हणून ‘हिंदूत छापून आले’. माणसे अनेकवचनी, म्हणून ‘हिंदूंत ही प्रथा आहे’. बोलताना तो अनुस्वार जेमतेम ऐकू येतो, म्हणून पत्राच्या नावाला अवतरणचिन्हे द्यावीतच.