चवळीच्या बियाण्यात कडुनिंबाच्या पाल्याची पूड घालूनही भुंगे का झाले?

पेरणीसाठी ठेवलेल्या चवळीत पाल्याची पूड मिसळूनही महिन्याभरात दाण्यांना भोकं पडली, मग वनस्पतींच्या पुडींचा खरंच उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय. होतो. मी घरचं बियाणं अशाच पुडींवर राखतो. पण चवळीतल्या भुंगेऱ्यापुढे कडुनिंबाचा पाला उणा पडतो.

हा भुंगेरा बहुतेकदा शेतातूनच दाण्यांबरोबर येतो. मादी दाण्यावर अंडं चिकटवते आणि अळी उघड्यावर न येता अंड्याखालूनच दाण्यात शिरते. पुढची सगळी वाढ आत. 30 अंशांच्या आसपास तापमान असेल तर तीन-चार आठवड्यांत भुंगेरा गोल भोक पाडून बाहेर येतो. म्हणजे तुम्हाला दिसलेली भोकं बहुधा पूड मिसळण्याआधीच आत गेलेल्या अळ्यांची आहेत. पूड सालीवर राहते, आतल्या अळीला ती शिवतही नाही.

शिवाय कडुनिंबातलं अझाडिरॅक्टिन मुख्यतः किडीचं खाणं थांबवतं आणि तिची वाढ बिघडवतं. प्रौढ भुंगेरा तर साठवणीत दाणे खातच नाही, जेमतेम दहा-बारा दिवस जगतो आणि तेवढ्यात अंडी घालून मोकळा होतो. त्यामुळे घाव घालायचा तो अंड्यांवर. कडधान्यासाठी म्हणूनच मी पुडीआधी निंबोळी तेल वापरतो: किलोला 5 मिली, प्रत्येक दाण्याला पुसट लागेल असं हातानं चोळून. तेलाखाली अंडं गुदमरतं. जास्त तेलानं उगवण बिघडते, तेव्हा हात आखडता ठेवा.

गहू, ज्वारी, भात यांतल्या सोंड्यांची गोष्ट निराळी. ते महिनोन्‌महिने जगतात, दाणे कुरतडत फिरतात, सारखे पुडीतून जातात. तिथे पूड उत्तम चालते, पण पाल्याची नव्हे, निंबोळीच्या आतल्या गराची. अझाडिरॅक्टिन पाल्यापेक्षा बीमध्ये कितीतरी जास्त असतं. किलोला 10 ते 20 ग्रॅम घ्या. निंबोळ्या सावलीतच वाळवा, कारण उन्हात हा घटक लवकर नासतो. पूड वस्त्रगाळ हवी. जाडीभरडी असली तर दाण्याला न चिकटता तळाशी बसते.

वेखंडाची पूड, किलोला 10 ग्रॅम, याहून जालीम. पण त्यातल्या असारोन या अपायकारक घटकामुळे ती फक्त पेरायच्या बियाण्याला लावावी, खायच्या धान्याला कधीही नाही. सीताफळाच्या बियांची पूड मी कुणालाच सुचवत नाही. ती डोळ्यात गेली तर गंभीर इजा होते.

आता हातात असलेल्या चवळीचं. चाळून भोकं पडलेले दाणे काढा. उरलेले, दाताखाली कट्‌कन तुटतील इतके वाळवून, हवाबंद पिशवीत डीप फ्रीझरमध्ये उणे 18 अंशांवर आठवडाभर ठेवा. ओलसर बी गोठवलं तर मरतं, म्हणून वाळवण्यात कसूर नको. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडा, नाहीतर दाण्यांवर दव धरतं. मग तेल चोळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि महिन्याभरानं मूठभर दाणे उजेडात बघा. सालीवर पांढरे ठिपके दिसले तर ती नवी अंडी, लगेच पुन्हा फ्रीझर.