रानातले खळे: मुलांच्या खेळासाठी, चित्रांसाठी आणि हस्तकलेसाठी

कोकणात आपले वडिलोपार्जित दीड एकर रान आहे, त्यात गावच्या शाळेतील मुलांना खेळता येईल, चित्रे काढता येतील आणि हाताने काही घडवता येईल अशी मोकळी जागा करायची आहे, तर त्यासाठी किती झाडे काढावी लागतील आणि सुरुवात कोठून करावी, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे उत्तर असे की, बहुधा एकही नाही. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक असून संगमेश्वर तालुक्यातील आमच्या रानात अशी जागा नऊ वर्षांपूर्वी केली. ती जेमतेम 3 गुंठ्यांची आहे, तिच्या मधोमध एक किंजळ आणि एक हिरडा आजही उभे आहेत, आणि पुढे जे लिहितो आहे त्यातील बरेचसे मी आधी चुकीचे करून मग शिकलो आहे.

कोयता हाती घेण्यापूर्वी सातबारा काढून त्यावरील इतर हक्कांचा रकाना नीट वाचावा. कोकणातील अनेक खाजगी रानांच्या उताऱ्यावर भारतीय वन अधिनियम, 1927 मधील कलम 35(3) च्या नोटिशीचा किंवा 1975 च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाचा शेरा असतो, आणि तो असेल तर जागा आपल्या कबजात असूनही तेथे काही करण्याआधी वनखात्याकडे विचारणा करावी लागते. शेरा नसला तरी 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियमाच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आंबा, फणस अशी आपल्या रानात हमखास असणारी झाडे आहेत आणि ती स्वतःच्या जमिनीतही परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. मला ही अडचण वाटली नाही, कारण रानातली दाटी मोठ्या झाडांमुळे नसतेच. ती खाली माजलेल्या झाडोऱ्यामुळे असते.

म्हणून जागा करण्यापेक्षा ती शोधण्यास अधिक दिवस द्यावेत. कधी काळी एखादे मोठे झाड पडून वर आभाळ उघडे झालेले असते, किंवा कातळाचा थर वर आल्यामुळे तेथे झाडे विरळ असतात, आणि अशा ठिकाणी उजेड मिळाल्यामुळेच घाणेरी आणि रानमोडी इतकी माजते की बाहेरून ते सर्वांत दाट रान वाटते. मी महिनाभर दुपारी तीनच्या सुमारास रानात फिरून जमिनीवर ऊन कोठे पडते ते पाहिले आणि त्या जागी करवंदीच्या काट्यांना सुंभाचे तुकडे बांधत गेलो. शेवटी सुंभाचे ते तुकडे ज्या एका ओबडधोबड अंडाकृतीत आले, तीच आमची जागा झाली.

बेणणी, म्हणजे माजलेला झाडोरा काढणे, पाऊस उघडल्यावर, माती मऊ असतानाच करावी. रानमोडी मुळासकट हाताने उपटून येते आणि ती फुलण्याआधी उपटली तर वाऱ्यावर उडणारे तिचे बी पुढच्या वर्षी पुन्हा त्रास देत नाही. घाणेरीचे तसे नाही. ती जमिनीलगत छाटली की दुप्पट जोमाने फुटते. खोड आणि मूळ जेथे जुळतात त्या गाठीच्या खाली माती उकरून तेथे घाव घालावा, झुडूप उपटून उलटे करून ठेवावे आणि पिकलेली फळे असतील तर ती रानातून ओढत नेऊ नयेत. हे काम दोन गड्यांना आठ दिवस पुरले. मात्र कडेची करवंदी, दिंडा आणि कारवी यांना हात लावू देऊ नये. गड्यांना एकदा हुरूप आला की ते बांधापर्यंत सगळे चकाचक करून ठेवतात. आमच्याकडे एका बाजूस तसे झाले आणि त्या बाजूने पुढची दोन वर्षे उन्हाच्या झळा थेट आत येत राहिल्या. करवंदीची जाळी हेच मुलांसाठीचे कुंपण आहे. कुंपण म्हणून दगडांचा गडगा घालण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा, कारण फुरशासारख्या विषारी सापाला गडग्यातील फटींसारखे घर दुसरे नाही.

आता उजेडाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चित्रे काढण्याची जागा सर्वजण चुकीच्या बाजूस करतात. आपल्या अक्षांशावर मार्गशीर्ष-पौषात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे बराच कललेला असतो आणि झाडांच्या सावल्या उत्तरेकडे पडतात. त्यामुळे मोकळ्या जागेचा दक्षिणेकडील काठ त्या महिन्यांत दिवसभर सावलीत राहतो आणि समोरच्या उघड्या आभाळाचा मऊ, एकसारखा उजेड तेथे मिळतो. कागदावर उन्हाचे कवडसे नाचत नाहीत आणि रंगही लगेच वाळून बसत नाहीत. उत्तरेकडील अर्धा भाग उन्हाचा, तो खेळासाठी ठेवावा. पश्चिमेस काय आहे हेही पाहावे, कारण शाळा सुटल्यावर मुले येतात तेव्हा ऊन तिकडून येते. आमच्या पश्चिमेस ऐनांची रांग आहे आणि मी त्या सावलीच्या भरवशावर होतो, पण ऐन नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर पाने झाडून उघडाबोडका होतो. शेवटी त्यांच्यामध्ये दोन आंबे लावले, ते आता कोठे कामाला येऊ लागले आहेत.

जमिनीच्या बाबतीत माझी सर्वांत मोठी चूक झाली. टिकाऊ व्हावे म्हणून पहिल्याच वर्षी मी हस्तकलेच्या कोपऱ्यात सिमेंटचा कोबा घातला. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. पहिल्या श्रावणातच त्यावर शेवाळाचा असा थर चढला की उभे राहणे कठीण झाले, दुसऱ्या वर्षी किंजळीच्या मुळाने तो उचलला आणि तिसऱ्या वर्षी मी स्वतः पहार घेऊन तो फोडला. तेव्हा आमच्या घरी कामाला येणाऱ्या एका वयस्क बाईंनी मला विचारले, “गुरुजी, खळे करायचे सोडून हे काय केलेत?” त्या प्रश्नाने माझे डोळे उघडले. दरवर्षी भात घरी आणण्यापूर्वी आपण अंगणात जे करतो, तेच रानात करायचे होते.

त्यांनी ते करून दाखवले ते असे. गवत मुळासकट काढून माती टिकावाने चार बोटे खणली, ढेकळे फोडली, खडे वेचून बाजूस टाकले आणि पाणी शिंपडून ती रात्रभर तशीच ठेवली. सकाळी मूठभर माती दाबून पाहिली. गोळा होतो पण हाताला चिकटत नाही अशी ती झाली, तेव्हा चोपण्यास सुरुवात झाली. चोपणे, म्हणजे माती धोपटण्याचे दांड्याचे लाकडी अवजार, पहिल्यांदा पडते तेव्हा आवाज बद्द येतो आणि माती दबते. तासाभराने तोच आवाज टणक होऊ लागतो, आणि ज्या ठिकाणी तो अजून बद्द येतो तेथे पुन्हा चोपावे लागते. बाई कानाने काम करत होत्या, डोळ्यांनी नव्हे. दुसऱ्या दिवशी शेणाचे सारवण झाले. अशी चोपलेली जमीन फक्त 5 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद एवढीच ठेवावी आणि ती झाडांच्या बुंध्यांपासून दूर असावी, कारण झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे वरच्याच मातीत असतात आणि चोपल्याने ती गुदमरतात. बुंध्याभोवती भराव घालून ओटा बांधण्याचाही मोह टाळावा. उतार 15 मीटरला 30 सेंटिमीटर एवढा पुरतो. वरच्या अंगास एक चर काढला की पावसाचे पाणी वळसा घालून जाते. खेळाच्या भागात काहीच करू नये, केवळ खराट्याने पातेरा, म्हणजे गळलेला पाला, कडेला सारावा. तोच पातेरा झाडांचे खत आहे, तो पेटवून देऊ नये, आणि फाल्गुनानंतर वणव्याच्या भीतीने रानाच्या हद्दीवर जाळपट्टा काढण्यास विसरू नये.

खेळांची निवड जागेनेच होते. खो-खोचे मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद लागते, म्हणजे आमची सारी जागा त्यातच गेली असती. लगोरीला मात्र फुटक्या कौलांचे सात तुकडे आणि थोडी पळापळीची जागा पुरते. सूरपारंबीसाठी खालपासून फांद्या असलेला जुना आंबा मिळाला तर उत्तम, पण त्याची प्रत्येक फांदी मोठ्या माणसाने आधी लोंबकळून पाहावी आणि वाळकी फांदी असेल ती उतरवावी. विटीदांडू खेळू द्यावा की नाही यावर आमच्याकडे बराच वाद झाला. मी तो ठेवला, मात्र मारणाऱ्याचे तोंड उत्तरेकडे असावे आणि चित्रे काढणारी मुले त्याच्या पाठीमागे असावीत, हा नियम पाळला. पातेऱ्यात विट्या इतक्या हरवत की पुढे त्यांना गेरू फासू लागलो.

चित्रांसाठी कागद आणि फळ्या यांच्या मागे मी लागलो नाही, कारण रानातला वारा कागद टिकू देत नाही. आम्ही दक्षिण काठावर कारवीच्या काठ्यांचा एक कूड उभा केला, 2 मीटर रुंद आणि मुलांच्या डोक्याएवढा उंच, त्यावर शेणमातीचा गिलावा देऊन गेरूने सारवला आणि वर गवताचे लहानसे छप्पर घातले. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घातला की पांढरा रंग होतो, आणि बांबूची काडी टोकाशी चावून कुंचला होतो. ही रीत वारली चित्रांची. ती पालघर-डहाणूकडची, आमच्या भागातली नव्हे, आणि जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या पद्मश्री मिळालेल्या चित्रकारामुळे ती जगभर माहीत झाली. मी मुलांना त्या लोकांचे लग्नातील देवचौक गिरवायला लावले नाहीत. साहित्य घेतले आणि चित्र तुमच्या गावाचे काढा असे सांगितले, त्यामुळे आमच्या कुडावर एसटी, होडी आणि शिमग्याची पालखी असते. शनिवारी सर्व चित्र गेरूखाली जाते आणि सोमवारी कूड पुन्हा कोरा असतो. सुरुवातीस मुले याने हिरमुसत, आता चित्र बिघडण्याची भीतीच त्यांना उरलेली नाही.

रंगही रानातलेच घेता येतात. हळदीत चुना कालवला की ती लाल होते हे प्रत्येक घरात ठाऊक असते, तरी मुलांच्या डोळ्यांसमोर ते घडले की गलका होतोच. त्याहून मोठी गंमत हिरड्याची आहे. वाळलेले हिरडे कुटून रात्रभर भिजवावेत, पाणी निम्मे होईपर्यंत मोठ्या माणसाने उकळावे आणि गाळून मुलांच्या हाती द्यावे. ते फिकट तपकिरी, चहासारखे दिसते. त्यात गंजलेले खिळे टाकले की खिळ्यांच्या भोवती आधी राखाडी धूर पसरल्यासारखे होते आणि हळूहळू सारी वाटी काळी पडते. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि लोखंड यांची ती शाई असून कागदावर ती वाळल्यानंतर आणखी गडद होते. ऐनाच्या सुसरीच्या पाठीसारख्या सालीवर कागद धरून खडू घासणे, पळसाच्या पानांच्या पत्रावळी चोयांनी टाचणे, सागरगोटे वेचून आणणे, ही कामे लहान मुलांसाठी ठेवावीत. झाडांवर रंग लावू देऊ नये, खिळा ठोकू देऊ नये. काही टांगायचे असेल तर सुंभ वापरावा आणि तो दर हंगामात सैल करावा.

काळ्या शाईवरून एक दुर्घटना सांगितलीच पाहिजे. धोबी पूर्वी कपड्यांवर बिब्ब्याने खुणा करत, ही गोष्ट मीच मोठ्या कौतुकाने मुलांना सांगितली होती. दोन दिवसांनी एका मुलाने रानातला बिब्बा शोधला, फोडला आणि त्याच्या रसाने मनगटावर घड्याळ काढले. बिब्बा असा उतला की कोपरापर्यंत फोड आले आणि त्याला डॉक्टरांकडे न्यावे लागले. दोष त्याचा नव्हता, माझा होता. तेव्हापासून हंगाम सुरू होण्यापूर्वी मी रानात एक फेरी मारून बिब्ब्याचे झाड आणि खाजकुइलीचे वेल प्रत्येक मुलास प्रत्यक्ष दाखवतो, वर आग्या मोहोळ बसलेले नाही ना ते पाहतो आणि असेल तर तो भाग बंद ठेवतो. काठ्या, बांबू आणि कौले जमिनीवर रचून न ठेवता कमरेएवढ्या मचाणावर ठेवावीत, म्हणजे त्यांच्याखाली साप दडत नाही. आपल्या जवळच्या कोणत्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरील लस असते हे आधीच विचारून ठेवावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर ती एकच लस चालते.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत जागा बंद ठेवावी, ती रानालाही हवी असते आणि जळवांमुळे मुलेही तेथे टिकत नाहीत. दसऱ्यानंतर पाऊस उघडला की बेणणी, दिवाळीनंतर खळे, आणि मार्गशीर्षात मुले, असा आमचा क्रम आहे. विकत घेण्यासारखे फारसे काही नाही: दोन कोयते, एक टिकाव, एक पहार, गेरू आणि सुंभ. चोपणे मात्र दुकानात विचारत बसू नये, ते गावातल्या सुताराकडून करून घ्यावे आणि मोठ्यांसाठी एक करताना मुलांसाठी आखूड दांड्याची आणखी दोन सांगून ठेवावीत, कारण पहिल्या दिवशी त्यांवरूनच भांडण होते.