माझ्या जुन्या केटीएम आरसी ३९० बाइकचं कॉर्नरिंग (वळणं घेणं) रेसट्रॅकसाठी सुधारायचंय, आधी काय बदलू? एक्झॉस्ट टाकू का?

एक्झॉस्ट राहू दे रे सध्या, नुसता आवाज वाढेल, वळणावर त्याचा काडीचा उपयोग नाही. पहिले पैसे टायरला. साइज स्टॉकच ठेव, पुढे ११०/७०, मागे १५०/६०, फक्त कंपाउंड (टायरचं रबर) सॉफ्ट घे. मागे १६० टाकायचा मोह होतो (मलाही झालेला) पण ४ इंची रिमवर टायर चिमटतो आणि गाडी झुकायला आळस करते.

मग सस्पेन्शन. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या) चकचकीत नळीला झिप टाय बांध, पुढचं चाक उचलून टाय नळीवरच्या रबरी सीलला टेकव, मग रायडिंग गियर घालून गाडीवर बस, मित्राला धरायला सांग, हळूच उतर आणि चाक परत उचलून टाय किती सरकला ते मोज, ३० ते ३५ मिमी ठीक. जास्त भरलं तर तुझ्या वजनाच्या कडक स्प्रिंग आणि नवं फोर्क ऑइल, कारण जुन्या मॉडेलला पुढे ॲडजस्टमेंटच नाही, मागे फक्त प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबलेली ते) बदलता येतं.

ब्रेक पॅड चांगले, डॉट ४ ब्रेक ऑइल ताजं. रियरसेट (वर-मागे बसणारे फूटरेस्ट) बूट घासायला लागल्यावर बघू. आणि कोइमतूरला कारी रेसट्रॅकवर जाणार असशील तर आरसे काढ, लाइटला टेप लाव.