समुपदेशकाने जात, गरिबी यांत पडावं का?

तुम्ही समुपदेशनाचा कोर्स करताय आणि विचारलंय, की समुपदेशकाने समोरच्याचं मन सांभाळावं, जात-गरिबीच्या भानगडीत पडू नये, हे बरोबर का? मी रत्नागिरी जिल्ह्यात हे काम करते. मला ते अजिबात पटत नाही.

मीही तसंच शिकले होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्सने 1957 मध्ये मांडलेल्या अटी तोंडपाठ होत्या: माणसाला विनाअट स्वीकारायचं, त्याच्या जागी उभं राहून समजून घ्यायचं, आपण मुखवटा घालायचा नाही. आणि माझ्याच फॉर्मवर गावाच्या खाली 'वाडी' असा रकाना होता! कोकणात वाडी विचारणं म्हणजे बहुतेकदा जातच विचारणं. बौद्धवाडी, कुणबीवाडी, भंडारवाडी, पुढे काही सांगावं लागत नाही.

एक मुलगी तो रकाना कोरा ठेवून आत आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) दुकानात कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या जणी तिच्या डब्यापासून लांब सरकून बसायच्या. मी विचारलं, "तू एवढं मनाला का लावून घेतेस?" पुढच्या वेळी ती आलीच नाही. दोन महिन्यांनी आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, माझ्या मनात काय होतं ते विचारलंत. तिथे काय होतं ते विचारलंच नाहीत."

रकाना मी त्याच दिवशी काढला. तिला तक्रारीचे मार्ग सांगितले, पण तिने नोकरी बदलली. तिने लढावं असं मला फार वाटत होतं. पण ती माझी इच्छा, तिच्यावर लादणं हाही अन्यायच.

बाकी गोष्टी साध्या आहेत. वेळ ठरवताना परतीची एसटी कधीची ते विचारते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या काळात खलाशांच्या घरांकडून फी घेत नाही. कोणी मालवणीत बोललं तर पुस्तकी मराठीत दुरुस्त करून परत सांगत नाही. माझ्याकडे येणं न जमणाऱ्यांना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर देते, तिथे मराठीत बोलता येतं.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम 18 जरूर वाचा. सरकारी सेवा मिळवताना जात, धर्म, वर्ग, लिंग, लैंगिक कल यांवरून भेदभाव होता कामा नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि प्रॅक्टिस सुरू करण्याआधी तुमचा फॉर्म दुसऱ्या वाडीतल्या कुणाला तरी भरायला द्या. पेन कुठे अडतंय ते बघा.