मानेची पट्टी सारखी लावावी काय?

प्रश्न : मी निपाणीची. आमच्या सासूबाई, आत्याच म्हणतो आम्ही त्यांना, २२ वर्षं झाली बिड्या वळतात आणि गेलं वर्षभर मान एवढी धरलीय की मागनं हाक मारली तर अख्खं अंग वळवून बघतात. एक्सरेत मणक्याची झीज आलीय. बेळगावात एके ठिकाणी मानेला निळी पट्टी चिकटवली, चार दिवस बरं वाटलं, काढल्यावर परत तेच. सारखी लावावी काय? व्यायामाचं काढलं की म्हणतात, दिवसभर हात चालायलेत की, अजून कसला व्यायाम.

उत्तर : ताई, हात चालतात, पण मान कुठं चालते? सूप मांडीवर, नजर सुपात, डोकं साडेचार-पाच किलोचं, ते तासन्‌तास पुढं वाकलेलं, मग मागचे स्नायू आखडतात आणि गळ्याच्या आतले मणक्याला लागून असलेले स्नायू कमजोर पडतात, त्यांना ताकद पानं कातरून येत नाही. झिजेला मात्र लगेच घाबरू नका, न दुखणाऱ्या मानेतपण ती दिसते.

ती पट्टी म्हणजे किनेसिओ टेप, १९७० च्या दशकात जपानच्या केंझो कासे यांनी काढलेली. त्यात औषध नसतं, ताणणारं सुती कापड आणि गोंद एवढंच. दुखणं थोडे दिवस हलकं होतं, तेवढ्यात व्यायाम सुरू करून घ्यायचा, माझ्या मते पट्टीचा खरा उपयोग हाच. खाज सुटली तर लगेच काढा, पण ओढून नको, खोबरेल लावून हळू.

आत्यांना भिंतीला टेकून बसवा. नजर समोर, हनुवटी खाली न वाकवता सरळ मागं घ्यायची, गळ्याला दुसरी हनुवटी पडल्यासारखी दिसली की बरोबर जमलं. श्वास न कोंडता ५ ते १० सेकंद धरायचं, असं १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. मग पाठीचे दोन्ही फरे जवळ आणून सोडायचे, तेही १०. हलका ताण चालेल, कळ नको. फरक पडायला दीड-दोन महिने लागतात, त्याआधी सोडू देऊ नका. सूप मांडीवर न ठेवता पाटावर ठेवा म्हणजे मान कमी वाकते, आणि अर्ध्या तासाला एकदा उठवाच, मजुरी बुडते हे मला कळतं, पण दोन मिनिटं पुरतात.

हाताला मुंग्या येत असतील, बिडीचा दोरा बांधताना बोटातनं सुटत असेल किंवा चालताना तोल जात असेल तर मात्र पट्टी, व्यायाम सगळं बाजूला ठेवून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.