बल्बची तपासणी आपणच करून घेतली, तर ती ग्राहक आयोगात चालते का?

प्रश्न : मी नाशिकमधल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. जिन्यांसाठी आम्ही ६० एलईडी बल्ब पक्क्या बिलावर घेतले, ११० रुपयांना एक. खोक्यावर ९ वॅट, ९०० लुमेन (उजेडाचं माप), २५,००० तास आणि दोन वर्षांची गॅरंटी. ५० लावले, सात महिन्यांत २२ उडाले. दुकानदार म्हणतो, तुमच्याकडे व्होल्टेज जास्त येतं. न लावलेल्यांपैकी दोन बल्ब मुंबईच्या एका खासगी प्रयोगशाळेत तपासून घेतले, तर ६.८ वॅट आणि ५४० लुमेनच निघाले. अहवाल सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि वर 'चोर कंपनी' असं लिहिलं. आता कंपनीच्या वकिलाची बदनामीची नोटीस आली आहे. अहवाल एकतर्फी आहे, मान्य नाही, असंही त्यात म्हटलं आहे. काय करावं?

उत्तर : सचिवसाहेब, आधी अहवाल नीट वाचा. निष्कर्ष फक्त प्रयोगशाळेकडे आलेल्या नमुन्यापुरते आहेत, अशा अर्थाची ओळ त्यात कुठेतरी बारीक अक्षरात सापडेल. समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवणार. बल्ब तुम्ही निवडले, तुम्हीच पिशवीत घालून नेले, सील करताना कंपनीचं कोणी हजर नव्हतं. म्हणजे 'एकतर्फी' म्हणण्यात ते खोटं बोलत नाहीत. पण एकतर्फी अहवालही कामाचा असतो. त्याचं काम वेगळं, एवढंच.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चं कलम ३८ पाहा. वस्तूतला दोष चाचणीशिवाय ठरत नसेल, तर जिल्हा आयोग तुमच्याकडून नमुना घेतो, तो सील करतो आणि योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो. अहवाल ४५ दिवसांत यायचा असतो, आयोग मुदत वाढवूही शकतो. 'योग्य प्रयोगशाळा' म्हणजे सरकारमान्य किंवा सरकारी मदतीवर चालणारी, उदाहरणार्थ बंगळुरूची सीपीआरआय, म्हणजे केंद्रीय विद्युत संशोधन संस्था. हा अर्ज तक्रारीबरोबरच द्या आणि तुमचा खासगी अहवाल त्याला जोडा. शंका हवेतली नाही, एवढं दाखवायला तो पुरेसा आहे.

आता खरी मालमत्ता कुठे आहे, ते सांगतो. ६० पैकी ५० लावले, दोन प्रयोगशाळेत गेले, म्हणजे आठ बल्ब कपाटात कोरे असतील. ते खोक्यातून काढू नका. जिन्यात सात महिने जळलेला बल्ब कमी उजेड देतो म्हटलं, की उत्तर तयार असतं : धूळ, उष्णता, व्होल्टेज. कोऱ्या बल्बाला यातलं काहीच लागू होत नाही, कारण प्रयोगशाळेत त्याला स्थिर व्होल्टेज देऊनच मोजमाप होतं. 'व्होल्टेज जास्त' ही सबब उडालेल्या २२ बल्बांना कदाचित पुरेल, ५४० लुमेनला पुरत नाही.

अर्जात काय तपासायला सांगता, ते जपून लिहा. 'बल्ब २५,००० तास चालतो का ते पाहा' असं लिहिलंत तर फसाल. ४५ दिवस रात्रंदिवस जाळला तरी १,०८० तासच होतात. लुमेन, वॅट, पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेपैकी किती कामी येते ते) आणि विद्युत सुरक्षितता एवढंच मागा. कायद्यात 'दोष' म्हणजे वस्तू बंद पडणंच नव्हे. विक्रेत्याने सांगितलेल्या दर्जात कमतरता असली, तरी तो दोषच. खोक्यावरच्या दाव्याप्रमाणे वॅटला १०० लुमेन मिळायला हवेत, तुमच्या अहवालात ७९ भरतात. आयुष्याबद्दल तुमचं गणित वेगळं मांडा : रोज बारा तास धरले, तर सात महिन्यांत साधारण २,५०० तास होतात. दाव्याच्या दहाव्या हिश्श्यातच २२ बल्ब गेले.

कंपनी बहुधा म्हणेल, आमचा माल बीआयएसकडे, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोकडे, नोंदलेला आहे. खोक्यावरचा 'आर'ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपवर टाकून पाहा, नाव जुळतं का ते कळेल. जुळलं तरी बिचकू नका. ही नोंदणी एलईडी बल्बांच्या भारतीय मानकाच्या, आयएस १६१०२ च्या, पहिल्या भागाप्रमाणे, म्हणजे सुरक्षिततेसाठी असते. उजेड किती, हा कामगिरीचा विषय दुसऱ्या भागात येतो.

बाकी गोष्टी सोप्या. कायद्याच्या व्याख्येत 'व्यक्ती'मध्ये सहकारी संस्था येते आणि जिन्यातले दिवे हा काही व्यापार नव्हे, त्यामुळे संस्था ग्राहक आहे. कार्यकारिणीचा ठराव करून तक्रारीचे अधिकार तुमच्या नावे घ्या. तक्रारीची मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाची फी नाही. चाचणीची फी मात्र आधी तुम्हालाच भरावी लागू शकते, आणि ६,६०० रुपयांच्या बल्बांपेक्षा ती जास्तही होईल. ती खर्च म्हणून मागता येते, पण मिळेलच असं मी म्हणणार नाही. म्हणून आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथेच बदली माल मिळाला तर घेऊन मोकळे व्हा, असं माझं स्पष्ट मत आहे. माझ्या व्यवसायाच्या दृष्टीने हा सल्ला तोट्याचा, ते सोडा.

आता नोटीस. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीला अपवाद आहेत : सार्वजनिक हिताचं सत्य, आणि स्वतःच्या किंवा इतरांच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान. ज्यांच्या वर्गणीतून बल्ब आले, त्या सभासदांना सचिवाने अहवाल दाखवला, यात मला गैर दिसत नाही. 'चोर' हा शब्द मात्र कुठल्याच प्रयोगशाळेने मोजलेला नाही. अहवाल राहू द्या, विशेषण काढा. काढण्याआधी संदेशाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. नोटिशीला वकिलामार्फत मोजक्या ओळींचं उत्तर द्या : अहवालातले आकडे सभासदांच्या माहितीसाठी दिले, तो शब्द मागे घेतला आहे, आणि कंपनीच्या प्रतिनिधीसमोर पुन्हा चाचणी करायला संस्था तयार आहे. ही तयारी त्यांनी नाकारली, तर ते नकारपत्र तक्रारीला जोडा.

येत्या रविवारी दोन सभासदांना बोलवा. आठही खोक्यांचे बॅच क्रमांक लिहून घ्या, फोटो काढा, एका पेटीत घालून कागदी पट्टी चिकटवा आणि तिच्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. उडालेले २२ बल्बही भंगारात देऊ नका. आणि जिन्यात अंधार आहे म्हणून त्या आठांतला एक तेवढा लावू का, असं कोणी विचारलं, तर दुसऱ्या दुकानातून नवा आणा.