शनिवार-रविवार बंदराच्या गावी जातोय, बोटीची सफर कधी ठेवावी?

शनिवारी सकाळी. रविवारवर ढकलू नका. हवा बिघडून फेरी रद्द झाली तर हातात दुसरा दिवस राहतो. सकाळ अशासाठी की जमीन तापली की दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि पाणी हलायला लागतं. सूर्यास्ताची फेरी फोटोंसाठी झकास, पण ती दुसरी ठेवा.

बुकिंगआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघाच. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी बरंच खाली जातं आणि धक्क्याच्या शेवाळलेल्या, निसरड्या पायऱ्या उघड्या पडतात. सोबत वयस्कर माणसं असतील तर त्या वेळेला चढ-उतर नकोच.

बोट लागते का कुणाला? मग बोटीच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर बसा आणि नजर क्षितिजावर ठेवा. सगळे पुढच्या टोकाला धावतात, जिथे हेलकावे सगळ्यात जास्त! मोबाइलमध्ये डोकं घातलं की संपलंच. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, मळमळ सुरू व्हायच्या आधी. आणि मुलांसाठी त्यांच्या मापाचं लाइफ जॅकेट आहे का, हे फोनवरच विचारून घ्या.